१४:०७ ला पहाऱ्यावर कोण होतं?

रविवारी, २५ मार्च २०४६ रोजी, पॅसिफिक महासागराच्या मधोमध टिटवीचं सुकाणू मोडलं. टिटवीच्या नोंदवहीत त्याची सुरुवात स्वच्छ लिहिलेली होती.

१४:०७ – समोर तरंगतं जाळं दिसतंय. डावीकडे वळू का?
१४:०९ – उत्तर नाही. पुन्हा विचारते. वळू का?
१४:१२ – उत्तर नाही. शीड उतरवून थांबते.
१४:१६ – प्रवाहाने जाळ्यात ओढलं. सुकाणू अडकलं.

चौदा वाजून सात मिनिटं, म्हणजे दुपारचे दोन वाजून सात. त्या वेळी टिटवीवर पहारा कुणाचा होता, एवढंच शोधायचं होतं. चार देशांतल्या चार शाळांनी आपापले तक्ते उघडून पाहिले आणि चौघांकडूनही एकच उत्तर आलं, "१४:०७ ला आम्हीच पहाऱ्यावर होतो. पण टिटवीने आम्हाला काहीच विचारलं नाही!"

टिटवी म्हणजे बोट. लांबीला जेमतेम दोन मीटर, वर एक ताठ शीड, पाठीवर सौरपट्ट्या, पुढे दोन कॅमेरे आणि अंधारात जवळचं दिसावं म्हणून एक दिवा. आत माणूस नाही. वाऱ्यावर चालायचं, समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजायचं, पाण्यातले प्लास्टिकचे कण गाळून मोजायचे आणि सगळी माहिती उपग्रहाकडे पाठवायची, हे तिचं काम. मालवण, लिस्बन, चिलीतलं वालपराइसो आणि सामोआ बेटांवरचं अपिया अशा चार गावांतल्या शाळकरी मुलांनी मिळून ती बनवली होती. जानेवारीत ती वालपराइसोहून निघाली होती आणि एप्रिलमध्ये अपियाला पोहोचणार होती. टिटवी बोलायची, विचार करायची, पण वाटेत जहाज, खडक किंवा जाळं दिसलं तर स्वतः निर्णय घ्यायची नाही. माणसाला विचारायची, आणि उत्तर आलं नाही तर शीड उतरवून थांबायची. म्हणून चोवीस तासांतल्या प्रत्येक मिनिटाला कुठल्या ना कुठल्या शाळेतलं एक मूल पडद्यासमोर असायचं. सहा-सहा तासांच्या चार पाळ्या होत्या.

या पाळ्यांचं अॅप बनवलं होतं मालवणच्या जुईली मयेकरने. तेरा वर्षांची जुईली सातवीत होती. त्या काळात अॅप बनवायला फार टंकन करावं लागत नसे. काय हवंय ते संगणकाला मराठीत नीट सांगायचं, की तो प्रोग्राम लिहून द्यायचा. पण नीट सांगायचं मात्र माणसालाच. जुईलीने सांगितलं होतं, "मालवणची पाळी साडेआठला सुरू कर, लिस्बनची नऊला, वालपराइसोची दुपारी बाराला, अपियाची दहाला. ज्याची वेळ झाली त्याच्या फोनवर घंटा वाजव." संगणकाने अगदी तेवढंच केलं. जवळजवळ तीन महिने अॅप कसं मुंग्यांच्या रांगेसारखं चाललं होतं. एक पाळी संपली की दुसरी सुरू, मध्ये फट नाही.

आणि आता हे.

सोमवारी दुपारी शाळा सुटायच्या वेळी जुईलीने नोंदवही वाचली. बाकी तिघांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तिला ठाऊक होती. रविवारी पाळी तिची स्वतःची होती, साडेआठ ते अडीच. पण दुपारी दीडलाच लिस्बनची बियात्रिस पडद्यावर हजर झाली. "मी आले, जुईली. तू जा," ती म्हणाली. भाषांतरयंत्र तिचं बोलणं मराठीत ऐकवायचं. बियात्रिस तासभर लवकर कशी आली, याचं जुईलीला नवल वाटलं खरं, पण स्वयंपाकघरातून बांगड्याच्या तिखल्याचा वास येत होता. तिने फार विचार केला नाही. पाळी सोपवली आणि जेवायला पळाली.

म्हणजे दोन वाजून सात मिनिटांनी ती जागेवर नव्हती.

इकडे पडद्यावर भांडण पेटलं होतं. वालपराइसोचा मातियास रागाने म्हणत होता, "मी बारा ते सहा एक मिनिटही हललो नाही. मी आलो तेव्हाच सुकाणू मोडलेलं होतं! लिस्बनवाले पळाले असणार."

"आम्ही नऊ ते तीन, पूर्ण सहा तास होतो," बियात्रिस म्हणाली. "तू आम्हाला खोटारडे म्हणतोस?"

जुईलीने तोंड उघडलं. मी दीडलाच उठून गेले होते, असं ती सांगणार होती. पण त्याऐवजी ती भलतंच बोलून गेली, "बियात्रिस, तू काल तासभर लवकर का आली होतीस?"

"मी लवकर आले नव्हते," बियात्रिस म्हणाली, "मी बरोब्बर नऊला आले होते." आणि तिचा पडदा बंद झाला.

त्या रात्री जुईली जेवताना भात नुसता चिवडत बसली. समोर तिचे आजोबा, आबा, जेवत होते. आबांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर नौकानयन अधिकारी (जहाज समुद्रात नेमकं कुठे आहे आणि कुठल्या वाटेने न्यायचं ते ठरवणारा माणूस) म्हणून काढली होती. घरात बोलताना त्यांची मालवणी सुटायची नाही, पण काही समजावून सांगायला लागले की एकदम शाळेतल्या बाईंसारखी पुस्तकी मराठी यायची.

"काय गो, जेवणात लक्ष नाय तुझा?" त्यांनी विचारलं.

जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं सांगून टाकलं. दीडला उठून जाणं, तिखलं, १४:०७, आणि बियात्रिसला नको ते बोलणं, सगळंच.

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. हात धुऊन आले आणि एकच प्रश्न विचारला, "१४:०७. पण कुठले?"

"कुठले म्हणजे? दुपारचे."

"अगं, दुपार कुणाची? मालवणची? लिस्बनची? तुमची बोट तर त्या वेळी अशा ठिकाणी होती की तिथे अजून उजाडलंसुद्धा नसेल."

हा विचार जुईलीच्या मनात आलाच नव्हता.

आबांनी कोपऱ्यातला एक न सोललेला नारळ उचलला आणि दिव्याखाली धरला. "ही पृथ्वी. दिवा म्हणजे सूर्य. ज्या बाजूवर उजेड, तिथे दिवस. आता मी नारळ हळूहळू फिरवतो. बघ, एक गाव उजेडात येतं तेव्हा दुसरं काळोखात जातं. प्रत्येक गावाने आपापल्या डोक्यावर सूर्य आला की बारा वाजवले, तर मालवणचे बारा आणि नागपूरचे बारा वेगळे होतील. आगगाडीचं वेळापत्रक लावता लावता माणूस वेडा होईल. म्हणून देशांनी पट्टे ठरवले. एका पट्ट्यात सगळ्यांचं घड्याळ सारखं. त्याला म्हणतात टाइम झोन (कालविभाग). नारळाची पूर्ण फेरी तीनशे साठ अंशांची आणि तिला लागतात चोवीस तास. मग एका तासाला किती अंश?"

"पंधरा," जुईली म्हणाली.

"शाबास. सुरुवात धरली इंग्लंडमधल्या ग्रिनिचपासून, तिथे शून्य. आपल्या भारताने आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलं. भाग पंधराने."

जुईलीने मनात भागाकार केला. "साडेपाच. म्हणून आपण साडेपाच तास पुढे!"

"तेच. आता मला सांग, जहाज रोज एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जातं. आम्ही घड्याळाचं काय करत असू?"

"रोज बदलत असाल."

"जेवणघरातलं बदलायचो. आचाऱ्याला आणि खलाशांना सूर्याप्रमाणे भूक लागते ना! पण नकाशाच्या खोलीत एक घड्याळ होतं, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. जहाज मुंबईत असो की ब्राझीलला, ते एकच वेळ दाखवायचं. आम्ही तिला झुलू वेळ म्हणायचो. शास्त्रीय नाव यूटीसी (सगळ्या जगाने मानलेली एक सामाईक वेळ). नोंदी करायच्या त्या याच वेळेत, आणि आकड्यांपुढे झेड अक्षर लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की ही वेळ कुठल्या गावाची नाही, सगळ्यांची आहे."

जुईली ताडकन उठली. "झेड?"

"का गो?"

"टिटवीच्या नोंदींत प्रत्येक वेळेपुढे झेड असायचं. मला वाटलं, काहीतरी फालतू अक्षर आहे. पडद्यावर बरं दिसत नव्हतं, म्हणून मी संगणकाला सांगून ते पुसून टाकलं."

आबा हसले नाहीत. "बोटीलाच विचार," ते म्हणाले.

जुईलीने टॅबलेट उघडला. त्या वेळी पहारा वालपराइसोचा होता, पण टिटवीशी बोलता सगळ्यांनाच यायचं.

"टिटवी, तुझ्या घड्याळात आत्ता किती वाजलेत?"

"पंधरा वाजून एकवीस मिनिटं," टिटवीचा आवाज आला.

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून एक्कावन्न मिनिटं झाली होती. म्हणजे वीस एक्कावन्न. वजा पंधरा एकवीस. बरोब्बर साडेपाच तास!

जुईलीने झटकन वही ओढली. १४:०७ मध्ये तिने साडेपाच तास मिळवले. "एकोणीस सदतीस. संध्याकाळचे सात वाजून सदतीस मिनिटं! आबा, माझी पाळी केव्हाच संपली होती. माझ्यामुळे नाही झालं!" तिला एकदम हलकं वाटलं.

"मग कुणामुळे झालं?" आबांनी विचारलं. "बाकीच्यांचंही मांड."

चिली यूटीसीच्या तीन तास मागे. १४:०७ मधून तीन वजा केले, सकाळचे अकरा सात. मातियासची पाळी सुरू व्हायची बाराला. म्हणजे तोही नव्हता. अपिया तेरा तास पुढे. चौदा आणि तेरा सत्तावीस, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे, सोमवारचे, पहाटेचे तीन सात. अपियाची सिना झोपलेली. राहिलं लिस्बन. लिस्बन भारताच्या साडेपाच तास मागे, हे जुईलीला पाठ होतं, म्हणजे लिस्बनचं घड्याळ आणि यूटीसी एकच. म्हणजे तिथेही चौदा सातच. बियात्रिसची पाळी तीनपर्यंत. मग बियात्रिस असायलाच हवी होती!

"म्हणजे बियात्रिसच," जुईली हळूच म्हणाली. तिला ते म्हणतानाही बरं वाटलं नाही.

"मार्चचा शेवटचा रविवार," आबा स्वतःशीच पुटपुटले. "जुईली, लिस्बनमध्ये आत्ता किती वाजलेत ते बघ जरा."

जुईलीने पाहिलं. टिटवीच्या घड्याळात पंधरा चोवीस झाले होते आणि लिस्बनमध्ये... सोळा चोवीस. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. "हे एक तास पुढे कसं गेलं?"

"कालच गेलं. तिकडे उन्हाळ्यात दिवस खूप मोठा असतो. संध्याकाळचा उजेड कामी यावा म्हणून बऱ्याच देशांत उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळी घड्याळं एक तास पुढे करतात आणि थंडीच्या आधी परत मागे आणतात. पोर्तुगालमध्ये तो दिवस मार्चचा शेवटचा रविवार. काल पहाटे लिस्बनमधल्या प्रत्येक फोनने आपलं घड्याळ पुढे केलं."

आता जुईलीच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. अॅप तर लिस्बनच्या फोनवर 'नऊ' वाजायची वाट पाहत होतं. ते नऊ काल एक तास आधीच वाजले. म्हणून बियात्रिस तासभर लवकर आली, आणि तिच्या हिशेबाने ती बरोबर वेळेवरच आली होती. लवकर आली म्हणून तिचे सहा तासही लवकर संपले. यूटीसीचे चौदा वाजले तेव्हा ती प्रामाणिकपणे उठून गेली. मातियास यायचा होता पंधराला. मध्ये एक अख्खा तास टिटवी एकटी होती. आणि त्याच तासात, सातव्या मिनिटाला, तिला जाळं दिसलं.

चारही शाळांना वाटत होतं की त्या वेळी आपण पहाऱ्यावर होतो, आणि खरं म्हणजे कुणीच नव्हतं.

"कुणीच खोटं बोलत नव्हतं, आबा," जुईली म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "चूक माझ्या अॅपची होती."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता पुढे काय करतेस?"

जुईलीने त्याच रात्री चौघांच्या गटाला निरोप पाठवला. तो लिहायला तिला अर्धा तास लागला, आणि तीनदा खोडून झाल्यावर उरला तो एवढाच: "टिटवीचं सुकाणू माझ्या चुकीमुळे मोडलं. मी अॅपला वेळ सांगितली, पण कुठली वेळ ते सांगितलं नाही. बियात्रिस बरोबर वेळेवर आली होती आणि बरोबर वेळेवर गेली. मातियासही. बियात्रिस, मी तुझ्यावर संशय घेतला, त्याबद्दल मला माफ कर. आणि काल मी पण काहीही न विचारता जेवायला पळाले होते." खाली तिने चारही गावांचं १४:०७ चं गणित मांडलं.

सकाळी उठून बघते तो बियात्रिसचं उत्तर आलेलं होतं. "मी दुपारी रडले होते. आता नाही. तू तेव्हा काय जेवलीस?" मातियासने फक्त दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं, आणि ते जुईलीला नव्हे, बियात्रिसला होतं. सिनाने मात्र कामाचं लिहिलं होतं: "टिटवी जाळ्यातून सुटली आहे, पण मोडक्या सुकाणूमुळे ती आता वाऱ्याविरुद्ध वळू शकत नाही. आमचे सर होडी घेऊन प्रवाळाच्या कठड्याबाहेर तिला पकडायला जातील. ९ एप्रिल, सोमवार, दुपारी एक वाजता मोठी भरती आहे, तेव्हाच. चुकलं तर वारा तिला बेटापलीकडे ढकलेल आणि ती परत येणार नाही."

हातात तेरा दिवस होते. तोवर लिस्बनच्या मुलांनी घंटेकडे दुर्लक्ष करून एक तास उशिरा यायचं ठरवलं, आणि जुईली अॅप दुरुस्त करायला बसली.

पहिली गोष्ट सोपी होती. पाळ्या टिटवीच्या घड्याळाने, म्हणजे यूटीसीने ठरवायच्या. ३ ते ९ मालवण, ९ ते १५ लिस्बन, १५ ते २१ वालपराइसो, २१ ते ३ अपिया. साठवायचं ते हेच. प्रत्येकाच्या फोनवर दाखवताना मात्र त्या त्या गावाची वेळ दाखवायची. पुसलेलं झेडसुद्धा तिने परत आणलं.

"दाखवताना बदल कसा करणार?" आबांनी विचारलं.

"लिस्बनसाठी एक मिळवा, चिलीसाठी तीन वजा करा, असं संगणकाला सांगते."

आबांनी मान हलवली. "दोन हजार अकरा साली आमचं जहाज अपियाच्या बंदरात होतं. डिसेंबर महिना. आमच्यातल्या एका केरळी खलाशाचा वाढदिवस तीस डिसेंबरला, शुक्रवारी. आचाऱ्याने केकची तयारी केली. गुरुवारी आम्ही झोपलो आणि उठलो तेव्हा बंदरावरचे लोक म्हणाले, आज शनिवार, एकतीस तारीख!"

"मग शुक्रवार कुठे गेला?"

"गेलाच नाही कुठे, कारण आलाच नाही. सामोआचा व्यापार सगळा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, पण तारीख त्यांच्यापेक्षा एक दिवस मागे. यांचा शुक्रवार तेव्हा त्यांचा शनिवार, सुट्टी. म्हणून सामोआच्या सरकारने ठरवलं, आपण वाररेषेच्या (जिच्या दोन बाजूंना तारीख वेगळी असते त्या नकाशावरच्या रेषेच्या) पलीकडे जायचं. एक दिवस कॅलेंडरातून गाळला. तो बिचारा खलाशी त्या वर्षी वाढदिवसाशिवायच मोठा झाला." आबा आठवणीने हसले. "सांगायचं काय, वेळेचे नियम सूर्य ठरवत नाही, माणसं ठरवतात, आणि माणसं ते बदलतात. आज एक मिळवलास तो उद्या मिळवायचा की नाही, हे तू आधी कसं सांगशील?"

"मग काय लिहायचं?"

"गावाचं नाव. जगातल्या सगळ्या कालविभागांचा एक कोश असतो. कुठल्या गावात कधीपासून कुठला नियम, ते सगळं त्यात असतं, आणि नियम बदलला की माणसं तो कोश सुधारतात. तू संगणकाला सांग, मी लिस्बन म्हणते, त्या दिवशी लिस्बनमध्ये काय नियम आहे ते तू कोशात बघ."

जुईलीने तसंच सांगितलं. मग तिला एक युक्ती सुचली. खऱ्या दिवसाची वाट कशाला बघायची? तिने अॅपला एक खोटं घड्याळ दिलं आणि ते भराभर पुढे पळवलं. पडद्यावर एप्रिल सुरू झाला, दिवस धडाधड उलटले आणि आठ तारखेला ती थबकली. चिलीची वेळ बदलली होती! दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा संपतो, म्हणून सात तारखेच्या मध्यरात्री चिलीतली घड्याळं एक तास मागे जाणार होती. नव्या अॅपने मातियासची पाळी आपसूक बाराऐवजी अकराला दाखवली. जुन्या अॅपला तिने तोच दिवस दाखवून पाहिला. लिस्बनची पाळी एक तास आधी संपणार, चिलीची एक तास उशिरा सुरू होणार, आणि टिटवी दोन तास एकटी. तेही अपियाच्या अगदी जवळ, जहाजांच्या वाटेवर.

खोट्या घड्याळाने आणखी एक घोळ बाहेर काढला. अॅप मुलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायचं. मातियासचा वाढदिवस तीन मार्चचा, पण त्याला शुभेच्छा गेल्या होत्या दोन तारखेच्या रात्री नऊला. तो बिचारा काही बोलला नव्हता, त्याला वाटलं भारतात असंच करत असतील. जुईलीने शोधलं तर कळलं, की संगणकाने वाढदिवस 'तीन मार्च, यूटीसी शून्य वाजता' असा साठवला होता, आणि चिलीची वेळ काढताना त्यातून तीन तास वजा केले होते.

"वाढदिवसाला झोन लावायचाच नाही," ती आबांना म्हणाली. "तो क्षण नाहीये, ती नुसती तारीख आहे. कुठेही गेलं तरी तीन मार्च म्हणजे तीन मार्च."

"आणि लिस्बनच्या शाळेची घंटा रोज साडेआठला वाजते, ती गं?"

जुईलीने जरा विचार केला. "ती यूटीसीत साठवली तर उन्हाळ्यात चुकेल. तिथे 'साडेआठ, लिस्बन' असंच लिहून ठेवायचं. आधी विचारायचं, ही वेळ नक्की कशाला बांधलेली आहे? टिटवीला, गावाच्या घड्याळाला, की कशालाच नाही?"

स्वयंपाकघरात जाऊन आबांनी जुईलीच्या आईला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, हे जुईलीने ऐकलं.

आठ एप्रिलच्या रविवारी संध्याकाळी जुईली पाळी नसताना पडद्यासमोर बसली. आठ वाजले. जुनं अॅप असतं तर आता पडदा रिकामा असता. पण कोपऱ्यात बियात्रिसचा चेहरा दिसत होता. टिटवीच्या कॅमेऱ्यात नुसता काळोख, आणि दूर पाण्यावर दोन दिवे.

आठ वाजून एकवीस मिनिटांनी टिटवी बोलली, "समोर मालवाहू जहाज. मला लवकर वळता येणार नाही. शीड उतरवून त्याला जाऊ देऊ का?"

उत्तर द्यायचा अधिकार पहाऱ्यावरच्या माणसाचा.

"हो. उतरव," बियात्रिस तत्क्षणी म्हणाली.

दिवे मोठे होत गेले. पाण्यात एक लांबलचक काळी भिंत सरकत गेली आणि टिटवी लाटांवर डुचमळत राहिली. साडेआठला, टिटवीच्या घड्याळात ठीक पंधराला, पडद्यावर दुसरा चेहरा उमटला. मातियासच्या हातात अर्धा खाल्लेला पाव होता. "आमच्याकडे अकरा वाजलेत," तो म्हणाला. "मी आलो, बियात्रिस. पण तूही थोडा वेळ थांब ना." ती थांबली. जहाज निघून गेल्यावर टिटवीने शीड चढवलं तेव्हा दोघांनी मिळून "चल" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आईने हाक मारायच्या आतच जुईली उठली. आबा आधीच चहाचा कप घेऊन टॅबलेटपुढे बसलेले होते. पडद्यावर सिनाच्या सरांची होडी दिसत होती, लख्ख ऊन, निळंशार पाणी आणि प्रवाळाच्या कठड्यावर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटा. होडीच्या टोकाशी सिना हातात आकडा घेऊन वाकून उभी होती.

अॅपने खाली पाच ओळी दाखवल्या. मालवण, सोमवार, पहाटे साडेपाच. अपिया, सोमवार, दुपारी एक. लिस्बन, सोमवार, रात्रीचा एक. वालपराइसो, रविवार, रात्री आठ. आणि सर्वांत वर टिटवीचं घड्याळ: ००:००, पुढे झेड.

"बघ गो," आबा म्हणाले, "मातियासचा अजून रविवारच चाललाय."

सिनाचा पहिला प्रयत्न हुकला. लाटेने टिटवी बाजूला गेली. दुसऱ्यांदा आकडा शिडाच्या दोरात अडकला आणि सिना जोरात काहीतरी ओरडली. भाषांतरयंत्राला ते समजलं नाही, पण चारही गावांत सगळ्यांना समजलं. बियात्रिसच्या घरातून कुणीतरी "हळू, लोक झोपलेत!" म्हणालेलं ऐकू आलं, आणि मग तेही हसायला लागले.

टिटवी बंदरात आली तेव्हा मालवणला उजाडलं होतं. सरांनी सुकाणू तपासलं. महिन्याभरात नवं बसवता येईल, मग ती पुढे हिंदी महासागराकडे, मालवणच्या दिशेने निघेल, असं ते म्हणाले. तेवढ्यात गटाच्या पत्त्यावर एक नवा निरोप येऊन पडला. नेपाळमधल्या डोंगरातल्या एका शाळेतला. "आम्ही टिटवीचं सगळं पाहिलं. आमच्यापैकी कुणीच समुद्र पाहिलेला नाही. तरी आम्ही पहारा देऊ शकतो का?"

"देऊ शकतात ना?" मातियासने विचारलं. "पण अॅप पुन्हा सगळं बदलावं लागेल?"

"बघू या," जुईली म्हणाली. तिने गावांच्या यादीत फक्त एक नाव वाढवलं: काठमांडू. क्षणात सहावी ओळ आली. मालवणच्या घड्याळात सहा पस्तीस झाले होते आणि काठमांडूच्या पुढे होतं सहा पन्नास.

"पाऊण तासाचा झोन!" जुईली चकित होऊन म्हणाली. "आबा, ते पावणेसहा तास पुढे आहेत. मला माहीतच नव्हतं."

"तुला नव्हतं, पण तुझ्या अॅपला सापडलं," आबा म्हणाले आणि उरलेला चहा प्यायला लागले.

जुईली नेपाळच्या मुलांना उत्तर लिहायला बसली. पहिल्याच ओळीत तिने लिहिलं की समुद्र दिसायला थोडे दिवस लागतील, पण टिटवी तुम्हाला तो दाखवेल.